तीनशे बारा माणसांची वहिनी

अकरा मजल्यांच्या रिकाम्या इमारतीत रोज दोनदा सगळे नळ सोडणाऱ्या बाईला वेडी म्हणायचं की शहाणी, यावरून घरात दोन तट पडले होते. एका तटात वहिनी आणि तिचा नवरा. दुसऱ्या तटात नवऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भावोजी. ते एकटेच होते, पण आवाज चौघांचा करायचे.

वहिनी या इमारतीची केअरटेकर. बावीस वर्षं ती तळमजल्यावर मागच्या दोन खोल्यांत राहत होती. बावीस वर्षांत तिचं खरं नाव इमारतीत कोणी घेतलं नव्हतं. भावोजींनी पहिल्याच आठवड्यात पार्किंगमधून जी "वहिनी!" अशी आरोळी ठोकली, ती अकराव्या मजल्यापर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. आता मालकसुद्धा तिला वहिनी म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी लोक घरी बसून काम करायला लागले आणि इमारत गळायला लागली. आधी विमावाले गेले, मग जाहिरातवाले, मग ते नकाशे काढणारे, जे जाताना एक झाडाची कुंडी आणि सहा छत्र्या विसरले. शेवटचा भाडेकरू गेला त्या दिवशी वहिनीचा नवरा बोलला. हे सांगण्यासारखं आहे, कारण तो नळकाम करणारा माणूस, पाना आणि पाइप सोडून कोणाशी फारसं बोलायचा नाही.

"वापर बंद झाला की पाइप सडतात," तो म्हणाला. "वाकणातलं पाणी सुकतं. मग गटाराचा वास वर. रोज सोड."

एवढं बोलून तो दमला. गुडघा धरलेला असल्यामुळे अकरा मजले काही त्याच्याच्याने होत नव्हते, म्हणून हे काम वहिनीच्या गळ्यात पडलं. आणि वहिनीच्या गळ्यात काम पडलं की ते काम बिचारं सुटायचं नाही.

रोज साडेनऊला ती लिफ्टने अकराव्यावर जायची आणि एकेक मजला करत खाली यायची. सगळे दिवे लावून बघायची, खिडक्या उघडायची, प्रत्येक नळ वीस आकडे मोजेपर्यंत सोडायची, प्रत्येक फ्लश ओढायची. लिफ्टलाही मजल्यामजल्यावर पाठवायची, कारण बसून राहिलेली लिफ्ट रुसते. जाता जाता ती मजल्यांशी गप्पा मारायची. "काय रे सातव्या, आज ट्यूब का डोळे मिचकावतेय?" संध्याकाळी दुसरी फेरी. रविवार नाही, सण नाही, ताप नाही. एकदा ताप होता, तेव्हा कानटोपी घालून गेली.

भावोजींचं म्हणणं, ही शुद्ध पाण्यात घातलेली मेहनत. ते स्वतः ऑफिसच्या जागांचे दलाल. तीन वर्षांत त्यांनी एक कपाटसुद्धा भाड्याने दिलं नव्हतं, पण बूट असे चकाकायचे की समोरच्याला वाटावं, हा माणूस आत्ताच तीन मजले विकून आलाय.

आणि मग महिन्याच्या वीस तारखेला मालकांचा फोन आला. "वहिनी, महिनाअखेरपर्यंत एक तरी मजला गेला तर इमारत ठेवतो. नाहीतर गोदामवाले दारात उभे आहेत. खिडक्या बुजवतील, खालीवर खोकी भरतील."

"आणि आम्ही?"

मालक खोकले. गोदामावर कॅमेरे लक्ष ठेवतात, त्यांना दोन खोल्या लागत नाहीत, एवढं त्या खोकल्यात आलं. फोन ठेवल्यावर वहिनीने अकरा मजल्यांचा जिना एका दमात घासून काढला. रडण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं. पाचव्या मजल्यावर थोडी रडलीही, पण हात थांबवले नाहीत.

पाचव्या दिवशी भावोजी धापा टाकत आले. चकाकणाऱ्या बुटांपैकी एकाची नाडी सुटली होती, म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"वहिनी, घोडं गंगेत न्हालं!"

"कोणाचं?"

"आपलं! ए.आय. कंपनी आहे. सहा ते नऊ, चार मजले मागतेय. उद्या अकराला बघायला येणार!"

वहिनीने हातातला फडका खाली ठेवला. शहरात सध्या जागांच्या बाजारात हे एकच स्थळ आहे, हे तिलाही ऐकून माहीत होतं. रिकाम्या इमारती चाळीस आणि मागणी घालणाऱ्या कंपन्या सगळ्या ए.आय.च्या. काल-परवापर्यंत ज्या मालकांना मोबाइलवर अलार्म लावता येत नव्हता, ते आता या पोरांना काय आवडेल म्हणून लॉबीत कारंजी बसवत होते. एकाने तर चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर यायला घसरगुंडी केली होती. बघायला आलेला गृहस्थ वरून आला आणि मधेच अडकला, असं भावोजीच सांगायचे.

"पण भावोजी," वहिनी म्हणाली, "माणसांचं काम यंत्र करणार म्हणतात ना हे लोक? मग यांना एवढ्या खुर्च्या कशाला?"

"अहो, माणसं कमी करायचं यंत्र बनवायला माणसं फार लागतात! ते सोडा. गंमत ऐका. त्यांनी आपली इमारत आपणहून निवडलीय. इमारती निवडणारा त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे. त्याने चाळीसही इमारतींचे पाण्याचे, विजेचे, लिफ्टच्या फेऱ्यांचे आकडे मागवले. आणि आपली पहिली आली! त्यांना गजबजलेली इमारत हवी होती. पोरं वर्षानुवर्षं घरी एकटी बसून कंटाळलीत म्हणे, त्यांना जिन्यात पावलं ऐकायचीत. प्रोग्रॅम म्हणतो, या इमारतीतली माणसं शहरात सगळ्यात सुखी आहेत."

"कुठली माणसं?"

"तीनशे बारा माणसं. आणि सुखी का, तर रविवारीसुद्धा कामावर येतात. चार वर्षांत एक दिवस खाडा नाही. वीज फार कमी वापरतात, म्हणजे शिस्तीची—"

इथे भावोजी थांबले, कारण वहिनी बादलीवर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी त्यांना वाटलं, रडतेय. मग तिच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघाला.

"भावोजी," ती कशीबशी म्हणाली, "ती तीनशे बारा माणसं मी आहे."

भावोजीही मटकन पायरीवर बसले, आणि दोघं इतके हसले की नवरा पाना घेऊन बाहेर आला, दोघांकडे बघितलं, आणि परत आत गेला.

हसू ओसरल्यावर वहिनीच्या लक्षात आलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. "पण इमारत सगळी रिकामी आहे, हे त्यांना ठाऊक नाही?"

भावोजींनी नाडी बांधायला घेतली. या धंद्यात एक रीत असते. अख्खी इमारत ओस पडलीय म्हटलं की घेणारा बिचकतो, म्हणून दलाल दोन-चार मजलेच रिकामे दाखवतो, बाकी भरलेले. भावोजींनी जाहिरातीत तेच केलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "उद्याचे दोन तास फक्त. वर-खाली थोडी माणसांची चाहूल लागली की झालं."

"मी खोटं करणार नाही. खोट्याच्या कपाळी गोटा."

"मग गोदाम," भावोजी हळूच म्हणाले.

वहिनीने घासलेल्या जिन्याकडे बघितलं. पाच दिवस राहिले होते. "किती माणसांची चाहूल?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला कंपनीची माणसं आली. दोघंच. एक तिशीतली मुलगी, कापडी बूट, केस कानापर्यंत कापलेले, आणि तिच्यामागे एक ताडमाड उंच पोरगा, छातीशी लॅपटॉप धरलेला. पोरगा तिला चीफ म्हणत होता. भावोजींनी त्याचं नाव मनातल्या मनात उंच्या ठेवलं आणि दोघांना सहाव्या मजल्यावर नेलं.

पाचव्यावर नवरा बसवला होता. त्याचं काम सोपं होतं, खुर्च्या सरकवायच्या आणि मीटिंग चालू असल्यासारखं बोलायचं. त्यामुळे सहाव्या मजल्याच्या फरशीखालून खुर्ची ओढल्याचा आवाज येई आणि त्यामागून एक गंभीर आवाज, "हो." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खुर्ची. "हो." शेवटी, फार विचार केल्यासारखं, "नाही."

"खाली कोण आहे?" चीफने विचारलं.

"सल्लागार," भावोजी म्हणाले. "मोजकं बोलतात. त्याचेच पैसे घेतात."

दहाव्यावर वहिनी होती, आणि उरलेली सगळी माणसं तीच होती. उजव्या पायात तिने नवऱ्याचा कामाचा बूट चढवला होता आणि डाव्या पायात भाचीच्या लग्नात घेतलेली उंच टाचेची सँडल, म्हणजे एकाच चालीत एक साहेब आणि एक बाई जोडीने चालल्याचा आवाज यावा. धप, टक. धप, टक. हातात किल्ल्यांचा जुडगा. ती फ्लश ओढायची, धावत जाऊन लिफ्टचं बटण दाबायची, दार आपटायची, आणि परत येताना नळ सोडायची. पहिली दहा मिनिटं तिला लाज वाटली. नंतर तिला मजा यायला लागली, आणि हेच तिचं चुकलं. मजा यायला लागली की माणूस सजवायला लागतो.

तिने साहेबाला आवाज दिला. मग कारकुनाला. मग कारकुनाला खोकला दिला. तोवर खालची मंडळी नवव्यावर पोचली होती आणि चीफ छताकडे बघून हसत होती.

"किती जिवंत वाटतं! शेजाऱ्यांना नुसतं हॅलो करून येते."

"ते मीटिंगमध्ये आहेत, मॅडम! फार मोठी मीटिंग!" भावोजी ओरडले, पण कापडी बूट जिन्यात कधीच शिरले होते, आणि कापडी बुटांना आवाज नसतो.

वर वहिनी रंगात आली होती.

"साहेब, उद्या रजा हवी होती," ती बारीक आवाजात म्हणाली.

"अजिबात नाही!" ती घोगऱ्या आवाजात गरजली. "मागच्याच महिन्यात घेतली होतीस!"

"साहेब, मुलगी बघायला जायचंय."

"कोणासाठी?"

"माझ्याचसाठी, साहेब."

"या वयात?"

"द्या ना हो त्यांना रजा," दारातून तिसरा आवाज आला.

वहिनी वळली. एका पायावर उंच, एका पायावर बुटकी, अशी ती रिकाम्या हॉलच्या मधोमध उभी होती, आणि हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खुर्चीसुद्धा नव्हती. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते तिला डाव्या पायाकडून खरंच जाणवलं. सबबी अनेक होत्या. नाटकाची तालीम म्हणता आलं असतं. भावोजी असते तर त्यांनी तसं म्हटलंही असतं, वर तिकिटंही विकली असती. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि अशा चेहऱ्याशी वहिनीला खोटं बोलता येईना.

"इथे कोणी नाही," ती म्हणाली. "कुठेच कोणी नाही. अकराही मजले रिकामे आहेत. ती तुमची तीनशे बारा माणसं म्हणजे मी. पाइप सडू नयेत म्हणून रोज नळ सोडते, लिफ्ट फिरवते. यंत्राला वाटलं, माणसं आहेत."

"आणि खालचे सल्लागार?"

"आमचे हे."

चीफ भिंतीला टेकली. मग भिंतीवरून हळूहळू घसरत खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून हसायला लागली. "रविवारी!" ती मधेच म्हणाली. "सुखी माणसं!" वहिनीलाही हसू फुटलं, आणि दोघी अनोळखी बायका रिकाम्या हॉलमध्ये डोळे पुसत बसल्या. एवढ्यात उंच्या आणि भावोजी धावत वर आले. भावोजींनी एक नजर सँडलकडे टाकली, एक बुटाकडे, आणि हातपाय गाळले.

हसणं थांबल्यावर चीफचा चेहरा एकदम उतरला. "हा प्रोग्रॅम आम्ही लोकांना विकतो," ती म्हणाली. "तेवीस कंपन्या त्याच्या शब्दावर ऑफिस घेतायत." ती उंच्याकडे वळली. "खरा आकडा घाल. इमारतीत माणसं, एक."

"दोन," वहिनी म्हणाली. "हे धरून."

उंच्याने दोन घातले. लॅपटॉपने क्षणभर विचार केला. "चाळिसावी," उंच्या म्हणाला. "चाळिसात."

खाली पाचव्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज रिकाम्या जिन्यातून वर आला. "हो," नवरा म्हणाला. त्याला कोणी थांबायला सांगितलंच नव्हतं.

वहिनीला भरून आलं. चार दिवसांनी इथे खिडक्या बुजणार, आणि ते आपल्याच वेडेपणाने झालं असं तिला वाटलं. तिने सँडल काढली, बूट काढला, आणि अनवाणी पायांनी सवयीने बाथरूममध्ये गेली, कारण एक नळ चालू राहिला होता. मागोमाग चीफही आली. तिने वहिनीच्या आधी नळाला हात लावला, पण बंद केला नाही. ओंजळीत पाणी घेऊन बघितलं. मग नाक वर केलं आणि लांब श्वास घेतला.

"इथे वास येत नाही."

"वास कशाला येईल?" वहिनी दुखावली. "रोज धुते मी."

"काल आणि परवा मिळून नऊ इमारती बघितल्या," चीफ म्हणाली. "कारंजी होती. घसरगुंडीसुद्धा होती. पण बाथरूमचं दार उघडलं की नाकाला रुमाल. एका ठिकाणी नळातून चहाच्या रंगाचं पाणी. एका लिफ्टमध्ये आम्ही चाळीस मिनिटं अडकलो, आणि ती इमारत आमच्या यादीत दुसरी आहे." तिने नळ बंद केला. "तुमची फेरी कुठून सुरू होते?"

"अकराव्यावरून."

"दाखवा."

मग चौघं अकराव्यावर गेले आणि वहिनीने फेरी दाखवली. वीस का मोजायचे, कुठला फ्लश हट्टी आहे, लिफ्टला का फिरवायचं. चीफने सातव्या मजल्यापर्यंत सगळे नळ स्वतः सोडले. उंच्याला फ्लश दिले. "अगं, नळ जोरात नको, लाडाने," वहिनी म्हणाली, आणि आपण मॅडमला अगं म्हणालो हे तिच्या सहाव्यावर गेल्यावर लक्षात आलं.

पाचव्यावर नवरा घामाघूम होऊन खुर्च्या ओढत होता. चीफने त्याला नमस्कार केला.

"काय सल्ला देता? घेऊ का?"

त्याने पाहुणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि सकाळपासून घोकलेल्या दोन शब्दांतला योग्य तो निवडला. "हो."

"पण चीफ, चाळिसावी आहे," उंच्या काकुळतीला आला.

"प्रोग्रॅमला नाक नाही रे," ती म्हणाली. "ते बसवायचं कसं, बघू. तेवीस कंपन्यांना आज संध्याकाळी फोन करून सांगावं लागेल, आधी स्वतः जाऊन वास घ्या म्हणून. आपण सहा ते नऊ घेतोय. सोमवारपासून. आणि या बाई इथेच राहणार, हे कागदावर घाला."

भावोजी कागद आणायला असे धावले की एक बूट जिन्यात राहिला.

मालकांनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की या इमारतीत काहीतरी आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. गोदामवाल्यांना त्यांनी नम्रपणे नकार कळवला. आणि बाजाराचं म्हणाल तर त्याला कारण कुठे लागतं? ती कंपनी तिथे गेली म्हणजे तिथे काहीतरी असणार, म्हणून शनिवारपर्यंत आणखी दोन ए.आय. कंपन्या अकराव्या मजल्यावरून हमरीतुमरीवर आल्या. भावोजी दोन फोन दोन कानांना लावून फिरत होते आणि दोघांनाही तेच सांगत होते, "घाई करा, एकच उरलाय." सात उरले होते.

सोमवारी साडेनऊला वहिनी नेहमीसारखी वर गेली. कंपनीचं सामान आदल्या दिवशी चढलं होतं, माणसं यायला अवकाश असेल असं तिने धरलं. अकरावा झाला, दहावा झाला. नवव्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्च्या आणि वायरींची भेंडोळी पडली होती, माणूस एकही दिसेना. ती बायकांच्या बाथरूममध्ये शिरली. नळ सोडले, वीस मोजले. पहिला फ्लश, दुसरा फ्लश. तिसरं दार उघडेना.

बिजागरी धरली असेल, असं म्हणून तिने खांदा लावला. दार हललं नाही. तिने हाताने थापटलं.

"आहे, आहे! आत आहे कोणीतरी!" आतून कोवळा, गडबडलेला आवाज आला.

वहिनीचा हात दारावर तसाच राहिला. चार वर्षं तिने या दारांशी बोलणी केली होती, त्यांना रागावली होती, त्यांची समजूत काढली होती, आणि एकाही दाराने तिला कधी उत्तर दिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्याच वेळी इतकं हसू यायला लागलं की तिने पदर तोंडात कोंबला. चुपचाप निघून जायला हवं होतं, हे तिला कळत होतं. आतल्या बिचाऱ्या पोरीचा पहिलाच दिवस असेल, हेही कळत होतं.

तिने पुन्हा एकदा दार वाजवलं.

"अहो, आहे म्हटलं ना आत!"

"हो गं बाई, हो," वहिनी म्हणाली, "बस निवांत," आणि जिन्याने आठव्या मजल्याकडे निघाली.